सगळ्यांनी बोलावल्यावर

हिंगणीत कीर्तनाला पेटी धरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी धरायचो. दिवसा शाळेत पाढे आणि शुद्धलेखन, सणावाराला महादेवाच्या देवळात पेटी. माझ्या पेटीचा भाता जुना, हवा जरा सोडायचा, आणि वरचा एक सूर पावसाळ्यात हमखास अडकायचा. पण कीर्तनाचं वेड मला लहानपणापासूनचं. भजनात गोडी आहेच, कीर्तनाची गोष्ट न्यारी. एक माणूस उभा राहतो, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, आणि गावचं गाव हसवून रडवून पुन्हा जागेवर आणून बसवतो. जागेवर आणून बसवणं हेच त्यातलं खरं काम. पूर्वरंगात उपदेश, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती. आरती होईस्तोवर श्रोत्यांनी उठायचं नाही आणि बुवांनी थांबायचं नाही. माणसाला गोष्टीत नेलं की परत घेऊन यायचं. अर्ध्यात सोडायचं नाही.

आमच्याकडे शिवरात्रीला देवळीहून हरिभाऊबुवा यायचे. पट्टी काळी दोन, आवाज मोकळा, आणि पाय जमिनीवर आपटून बोलायची सवय. शिवरात्रीचं त्यांचं आख्यान ठरलेलं असे. महादेव गोसाव्याच्या वेषात राजाच्या दारी येतो आणि जेवणात घरचं एकुलतं मूल मागतो. राजाराणी कबूल होतात. राणी बाळाला न्हाऊमाखू घालते, डोळे कोरडे ठेवून स्वतः रांधते, मस्तक उखळात घालून कांडते आणि कांडताना गाते. मग पाटावर बसलेला पाहुणा म्हणतो, मी एकटा जेवत नसतो, तुमचं मूल बोलवा. राणी दारात उभी राहून हाक मारते, आणि बाळ खेळून आल्यासारखं धावत येतं.

हरिभाऊबुवांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कोणत्याही बुवांकडे पाहिली नाही. उत्तररंगाच्या आरंभी ते श्रोत्यांतलं एक लेकरू पुढे घेत. कपाळाला बुक्का लावत, गळ्यात झेंडूची माळ घालत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "देवळामागं बेलाखाली उभं राहायचं. आईनं बोलावलं, बापानं बोलावलं, तरी यायचं नाही. सगळ्यांनी बोलावल्यावर यायचं." ते लेकरू मागे जाऊन उभं राही. इकडे आख्यान चाले. शेवटी राणीच्या हाकेची वेळ आली की बुवा हात उंचावत आणि सगळं गाव एका सुरात हाक मारी, "ये रे बाळा." मूल कोणाचंही असो, मुलगा असो की मुलगी, हाक हीच. मग ते धावत देवळात येई आणि त्याच्या आईच्या डोळ्यांना धार लागे. घरी रोज पाहायचं तेच लेकरू, पण त्या दिवशी ते मरणातून परत आलेलं असे. गावातली मिशा आलेली माणसंही सांगत, "मी अमक्या साली बाळ झालतो."

पंचावन्न सालच्या शिवरात्रीला बुवांनी आमच्या सुमीला पुढे घेतलं.

सुमती आमची एकुलती. तेव्हा दुसरीत होती. दिवसभर बडबड, आणि गळ्यात सूर म्हणून नाही. पेटीवाल्याची पोर, पण साधं आरतीचं धृपदही अर्धा सूर खाली म्हणायची. मालगुजार महादेवराव थट्टा करत, "गुरुजी, पोरीले शाळेत पाठवा, देवळात नका पाठवू. महादेव कैलास सोडून जाईन." ती त्यांच्या तोंडावर पुन्हा गाऊन दाखवायची.

माळ घालून ती ऐटीत मागे गेली. जाताना आईकडे, पद्माकडे, वळून हसली.

चार वाजून गेले होते. बाहेर ऊन पिवळं झालं होतं, सभामंडपात धुपाचा आणि भिजलेल्या बेलपत्रांचा वास. बुवा कांडण्याच्या पदावर आले. राणीचं ते पद ते फार हळू म्हणत, जवळजवळ अंगाईसारखं. मी पेटीवर नुसता षड्ज धरून होतो. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या हातातल्या चिपळ्या पडल्या. मला वाटलं, हाही अभिनयच. मग ते बसले, आणि बसल्याचे आडवे झाले.

पुढे गोंधळ झाला. पाणी, पंखा, कोणी कांदा आणायला धावलं. बंडी जुंपून त्यांना सेलूला न्यायचं ठरलं आणि मी बंडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. बोर नदी ओलांडायच्या आत त्यांचा श्वास थांबला. देवळात आरती झाली नाही. जो तो रडत घरी गेला. पद्माला वाटलं, सुमी बायकांबरोबर गेली असेल.

दिवेलागणीला आमच्या शेजारची धुरपता तिला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "बाई, पोरगी देवळामागंच उभी होती. मी म्हटलं चाल, तं हलेचना. मंग हात धरला तवा आली. बोलून नाई राह्यली."

सुमीच्या कपाळावर बुक्का तसाच होता. पद्माने तिला जवळ घेतलं, घरात आणलं, दूध दिलं. दूध पिऊन ती उठली, उंबऱ्याबाहेर गेली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

त्यानंतर ती आपण होऊन कोणत्याही दारातून आत आली नाही.

पहिले काही दिवस आम्ही म्हणालो, भ्यायली आहे. बुवा डोळ्यांदेखत गेले. पण तिने तर काही पाहिलंच नव्हतं. हात धरून आत आणली की येई, जेवायला बसवलं की जेवे, आणि हात सोडला की बाहेर जाऊन उभी राही. रात्री झोपेत उचलून आणावी लागे. शाळेतही दाराबाहेर. बोलणं पूर्ण बंद. फक्त कधीकधी गुणगुणायची, तेच कांडण्याचं पद, नेहमीसारखं अर्धा सूर खाली. ते ऐकलं की पद्मा चुलीपुढून उठून यायची आणि दारात उभी राहून ऐकायची. म्हणायची, "आवाज तं तिचाच आहे."

विहिरीवर बायका बोलत. एक म्हणाली, "गुरुजीनं दारावर चौकीदार ठेवला वाटते." पद्मा भरलेली घागर तिथेच ओतून परत आली.

उपाय सुरू झाले. गावच्या वैद्याने ब्राह्मीचं तूप दिलं. नालवाडीकडे एक निसर्गोपचारवाले सज्जन गृहस्थ होते, त्यांनी पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवल्या आणि मीठ बंद केलं. सुमी मातीसकट उठून अंगणात जाऊन उभी राहिली. ते गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिच्या डोक्यावर छत्री धरून बराच वेळ उभे राहिले. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला नेऊन आलो. एका देवऋष्याने लिंबू उतरवला आणि म्हणाला, "हिच्यात काईच नाई." पद्माला ते चांगलं वाटलं. मला नाही वाटलं. तो ज्या तऱ्हेने म्हणाला ते रिकाम्या मडक्याबद्दल बोलल्यासारखं होतं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत उजेड पाडला, कान पाहिले. शरीरात दोष नाही म्हणाले. मनाचा असेल, नागपूरला न्या.

मन या गोष्टीचा दवाखाना असतो हे पद्माला माहीत नव्हतं. मला ऐकून माहीत होतं, आणि जे ऐकलं होतं ते चांगलं नव्हतं. सासरे म्हणाले, "पोरीले वेड्याइच्या दवाखान्यात नेता? मंग उद्या तिचं लग्न कोण करन?" त्या विचारात आणखी एक पावसाळा गेला. शेवटी पद्माच म्हणाली, "लगन नाई झालं तं नाई झालं. घरात तं आली पायजे."

छप्पन्नचा दसरा जवळ आला होता. सेलू रोडला गाडी आली ती आधीच भरलेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बाया, लेकरं, सगळी नागपूरला निघालेली. भाकरीची गाठोडी, आणि चेहऱ्यांवर असा आनंद की आपण परक्या लग्नात शिरलोय असं वाटावं. सुमी डब्याच्या दारापाशीच उभी राहिली. आत येईना. पांढरं लुगडं नेसलेल्या एका बाईने विचारलं, "पोरगी उभी काऊन आहे?"

पद्मा म्हणाली, "बरं नाई तिले."

त्या बाईने आणखी काही विचारलं नाही. ती उठली, दारापाशी गेली आणि नागपूर येईपर्यंत सुमीचा दंड धरून तिच्याजवळ उभी राहिली. तिची जागा रिकामीच राहिली, तिथे कोणी बसलं नाही.

दवाखान्याचा व्हरांडा लांब, फरशी ओली, फिनेलचा वास. आतून कोणीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं, तो कळत नव्हता. डॉक्टर वयस्क होते, वासुदेवराव नावाचे. त्यांनी सुमीला आत ओढलं नाही. खुर्ची उचलून स्वतः व्हरांड्यात आले. बराच वेळ तिच्यासमोर बसून राहिले. एक पेन्सिल खाली पाडली, मागे टाळी वाजवली. मग आमच्याकडे वळले.

"हिचं ऐकणं उत्तम आहे," ते म्हणाले. "समजही आहे. भ्रम म्हणावा असं मला काही दिसत नाही. ही मुलगी वाट पाहते आहे. थांब म्हणून कोणी सांगितलं आणि पुढचं सांगायचं राहून गेलं, असं."

"मग इलाज?" मी विचारलं.

"इथं ठेवता येईल. पण मग ती इथल्या दाराबाहेर उभी राहील. एवढंच होईल. कशाची वाट पाहते, ते घरच्यांनाच ठाऊक असणार."

परतीच्या गाडीत पद्मा खिडकीशी बसून होती. बोरखेडीच्या पुढे ती म्हणाली, "तिले बोलावलंच नाई."

"काय?"

"त्या दिवशी. धुरपतानं हात धरून आणली. बोलावलं कोणीच नाई."

मी शाळामास्तर माणूस. पण मला त्यात न पटण्यासारखं काही दिसलं नाही. लहान मूल एखाद्या शब्दाला चिकटून बसतं, तो शब्द पुरा केला की सुटतं. डॉक्टर म्हणाले त्याच्याशीही ते जुळत होतं. त्या रात्री दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही दोघं पोटभर जेवलो.

आर्वीचे बाबारावबुवा तयार झाले, पण नाखुषीने. वयाने मोठे, नियमाने चालणारे. म्हणाले, "दुसऱ्याचं आख्यान मधून उचलत नसतात, गुरुजी. पहिल्यापासून करावं लागेल."

"पयल्यापासून केलं तं लेकरू भायेर पाठवा लागन," पद्मा म्हणाली. "माई पोरगी भायेरच आहे, महाराज. तिले फक्त आत घ्याचं आहे."

बाबारावबुवा तिच्याकडे पाहत राहिले. मग कांडण्याच्या पदापासून करायला कबूल झाले. पद्माने आणखी एक विचारलं. "हाक मारतानी तिचं नाव घेऊ का? सुमे म्हणू?"

"नाही, बाई. राणीची हाक बदलली तर आख्यान मोडतं. बाळाच म्हणायचं. तेवढ्यानं येते ती."

सत्तावन्नची शिवरात्र. गाव लोटलं होतं. ज्यांनी टोमणे मारले तेही होते, विहिरीवरची ती बाईही होती आणि सर्वांत पुढे बसली होती. महादेवराव पागोटं नीट करत मला म्हणाले, "घाबरू नका, गुरुजी. आज सगळे जोरानं बोलावू. कैलासावर ऐकू गेलं पायजे."

माळ आणि बुक्का घेऊन पद्मा सुमीला न्यायला उठली. न्यावं लागलं नाही. सुमी आधीच देवळामागे गेली होती आणि बेलाखाली, त्याच जागी, उभी होती. पद्माने माळ तिथेच घातली.

बाबारावबुवांनी पद घेतलं. मी षड्ज धरला. भाता फुसफुसत होता. कांडणं झालं. पाहुणा पाटावर बसला. बुवांनी हात वर केला.

सगळं गाव बोलावत होतं. "ये रे बाळा." मी हाक मारली, पद्माने मारली, मंडपाबाहेर चिंचेखाली उभ्या असलेल्या माणसांनी मारली. ती हाक मी कानांनी ऐकली नाही, पेटीच्या लाकडातून हातांना लागली.

मग शांतता. बेलाचा पाला वाजला.

ती धावत आली. उंबरा ओलांडून, माळ उडवत, हसत, सरळ पद्माच्या मांडीत. बाया हमसून रडायला लागल्या. बाबारावबुवांनी आरतीचं तबक मागवलं. मी पेटी सोडून उठलो. कीर्तनात आरतीआधी आपल्या मनाने उठलो, तो एकदाच.

सुमीने मान वर करून आईचं तोंड कुरवाळलं आणि दोन वर्षांनी पहिला शब्द बोलली.

"आई," ती म्हणाली.

सुमी तिला माय म्हणायची. पण त्या वेळी हे कोणाच्या ध्यानात येणार.

घर पुन्हा घर झालं. ती आत-बाहेर करू लागली, शाळेत वर्गात बसू लागली. पाढे पाठ, नावं पाठ, कोणाचा बैल कोणता तेही पाठ. गावातून लोक पाहायला येत. पद्मा दृष्ट काढून थकली.

एकदा मी पेटीवर सूर लावत बसलो होतो. ती येऊन जवळ बसली आणि कांडण्याचं पद म्हणू लागली. मी बोटं तशीच ठेवली. सूर नेमका लागला होता. इतका नेमका की पेटीचा आवाज आणि तिचा आवाज वेगळा करता येईना. मी पट्टी बदलली. तिने बदलली. मी पुन्हा बदलली. ती माझ्याकडे पाहून हसली, आणि मी भाता बंद केला.

पद्माला म्हणालो, "पोरीला सूर आला."

"बरं झालं," ती म्हणाली. तिच्या हातातलं पीठ मात्र तसंच राहिलं.

धुरपता काही दिवसांनी ओट्यावर टेकत म्हणाली, "बाई, तुमची पोरगी आता मोठ्या घरच्यावानी वागून राह्यली. माह्याकडं आलती. सतरंजी टाकली तं बसेना. पाट मागे."

"लाडावली असन," पद्मा म्हणाली.

"व्हय. लाडावलीच असन." धुरपता उठता उठता थांबली. "मले वळखलं तिनं. पण कशी वळखली, तं कोणी सांगून ठेवल्यावानी."

चैत्रात शाळा तपासायला सेलूहून दिपोटी साहेब आले. प्रभाकरराव, दिलखुलास माणूस. जेवायला आमच्याकडे. पद्माने पुरण घातलं होतं. साहेब हात धुऊन पाटावर बसले, ताटाकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "गुरुजी, मी काही एकटा जेवत नसतो. तुमचं मूल कुठं आहे? बोलवा की तिला."

कोणीही पाहुणा म्हणतो तेच ते बोलले. मी मात्र वाढायचं सोडून तिला शोधायला उठलो.

सुमी माजघरात नव्हती, अंगणात नव्हती. मागच्या पडवीत उखळाशेजारी होती. तिने आपणच न्हाणीत जाऊन अंग धुतलं होतं. केसांना तेल लावून भांग पाडला होता, धुतलेलं परकर-पोलकं घातलं होतं. पाट मांडून, मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. उखळ झाडून स्वच्छ केलेलं होतं.

पद्मा माझ्या आधी तिथे पोचली होती.

पोर तिला म्हणत होती, "आई, पाहुण्यांनी मागितलं ना मला?" आवाजात भीती नव्हती. हट्ट नव्हता. वर्गात हजेरी द्यावी तसं.

पद्माने मुसळ उचललं आणि आड्यावर, हात पोचणार नाही इतकं वर खोचून ठेवलं. मग तिला घेऊन जेवायला आली. साहेब तिला कोडी घालत जेवले. जाताना म्हणाले, मुलगी फार गुणी आहे.

ते गेल्यावर पद्मा मला म्हणाली, "आपण कोणाले बोलावलं?"

मी साहेबांचा पाट उचलून भिंतीला लावला.

"आपण बाळा म्हटलं," ती म्हणाली. "मंग बाळ आलं. सुमे कोणीच म्हटलं नाई."

मी तिला समजावलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, मोठ्या आजारातून उठलेली मुलं बदलतात म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि देवळाकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो. दुपार टळटळीत होती. देवळात चिटपाखरू नव्हतं, फक्त अभिषेकपात्रातून पिंडीवर पाणी ठिबकत होतं.

आम्ही गाभाऱ्यापुढे उभे राहिलो आणि भिंतीपलीकडून गुणगुण आली.

कांडण्याचं पद. अर्धा सूर खाली.

मी धावत मागे गेलो. कोणी नव्हतं. बेलाची पानगळ झाली होती, पाला घोट्याएवढा साचला होता. भिंतीला लागून दोन लहान पावलांएवढी जागा तेवढी मोकळी होती. तिथे एकही पान पडलं नव्हतं. मी परत पुढे आलो, तर गुणगुण होतीच.

पद्मा भिंतीला गाल लावून उभी होती. "सुमे," ती म्हणाली. "ये, माय. मी आली."

गुणगुण थांबली. मग आमच्या लेकीचा आवाज आला, शहाण्या मुलीसारखा, सांगितलेलं नीट लक्षात ठेवलेल्या मुलीसारखा.

"सगळ्याइनं बोलावल्यावर."

त्यानंतर मी जे करता येईल ते केलं. बाबारावबुवांकडे गेलो. ते म्हणाले, आरती झालेलं आख्यान पुन्हा उघडत नसतात, आणि मुलगी आली ना, मग कशाला. महादेवरावांकडे गेलो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, दिवाणजीला बाहेर पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, गाव जमवून कोणाले बोलवाचं? पोरगी तं तुमच्या बोटाले धरून उभी आहे." खरंच ती माझ्या बोटाला धरून उभी होती. ते पुढे म्हणाले, "नागपूरचे ते डॉक्टर अजून आहेत का? तुमी दोघं एकदा जाऊन या."

आम्ही गेलो नाही. काय सांगणार होतो. बरी झालेली मुलगी समोर बसवून म्हणणार, की ही नाही?

तिच्यात वाईट काही नाही, हेही लिहिलं पाहिजे. ती मायाळू आहे. पद्माचं डोकं दुखलं तर पाय चेपते. आपल्या घरी बोलावलं म्हणून ती आली, तिचा यात काय दोष. पद्मा तिला न्हाऊ घालते, वेणी घालते. फक्त पाहुणे आले की मी दारातच त्यांना गाठतो आणि ओट्यावरच चहा देतो. आताशा कोणी येतही नाही.

दर सोमवारी दुपारी आम्ही दोघं देवळात जात होतो. पद्मा बेलाखाली भाकरीचा कुटका ठेवायची. मग गाभाऱ्यापुढे उभं राहून आम्ही दोघं जितक्या मोठ्याने बोलावता येईल तितकं बोलावायचो. दोघांचे सगळे होत नाहीत, तरी. भिंतीपलीकडे पोर गुणगुणत राहायची, आणि तेवढं ऐकून आम्ही घरी यायचो. तेवढ्यावर आठवडा निघायचा.

गेल्या सोमवारी घरची पोर हट्ट करून बरोबर आली. आम्ही हाक मारताना मुकाट उभी होती. मग पद्माचा पदर ओढून म्हणाली, "आई, मी पण बोलावू का?"

पद्माने भिंतीकडे पाहिलं.

पोरीने दोन्ही हात तोंडाशी धरले. "ये गं सुमे," तिने हाक मारली. स्वच्छ, मोकळी, नेमकी सुरात.

देवळामागची गुणगुण थांबली.

बेलाच्या पाल्यावर पावलं वाजली. येण्याची नव्हती, लांब जाण्याची होती.